दोन्ही बाजूंनी पुढे जाणारी होडी

ईश्वराला आकार देणे हे मनुष्याच्या वाट्याला आलेले सर्वांत जबाबदारीचे काम आहे. आमच्या दुकानात आम्ही ते चौरस फुटाच्या दराने करत असू.

दुकान मालवणच्या बाजारात होते, एका लाँड्रीला लागून. अठ्ठ्याण्णव साली मी आणि बायकोने ते सुरू केले तेव्हा त्यात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकासाठी एक बाकडे एवढेच होते. लग्नपत्रिका, मंडळांच्या पावत्या, नाटकांची हँडबिले असली कामे असत. बायको कणकवलीला क्लास करून कॉम्प्युटर शिकली होती. मी मराठी घेऊन बी. ए. झालो होतो. त्यामुळे शुद्धलेखन माझ्याकडे आणि बाकी सगळा धंदा तिच्याकडे अशी वाटणी आपोआप झाली. लोक मला मास्तर म्हणत, वास्तविक मी आयुष्यात कोणाला काही शिकवलेले नाही.

मग फ्लेक्सचे दिवस आले. आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाचा कधी ना कधी वाढदिवस असतो ही गोष्ट तोपर्यंत कोणाच्या लक्षात आली नव्हती. ज्याचा फोटो सर्वांत मोठा लावायचा तो मनुष्य दुकानात एक शब्द बोलत नसे. त्याने हात जोडावेत की हलवावेत हे त्याच्या मागे उभे असलेले लोक ठरवत. मी 'हार्दिक' मधली वेलांटी तपासून मान डोलवत असे. मी थोरामोठ्यांची चरित्रे पुष्कळ वाचली आहेत, पण थोरपणा तयार कसा होतो हे मला त्या बाकड्यावरच्या चर्चांतून समजले.

फ्लेक्सपाठोपाठ गाड्या आल्या. आधी रिक्षांच्या काचेवर मुलांची नावे, मग टेम्पोंवर देव, आणि शेवटी आख्खी गाडीच छापील स्टिकरने मढवायची फॅशन. ती आमच्याकडे पोहोचली दोन हजार सात-आठच्या सुमारास. मोठे छपाईचे मशीन आमच्या आवाक्यातले नव्हते, ते कोल्हापूरला. आम्ही इथे डिझाइन करायचे, सीडीवर चढवायचे, आणि ती सीडी सकाळच्या कोल्हापूर एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. तिकडे छापखान्याचा माणूस स्टँडवर येऊन ती घेई. दोन-तीन दिवसांनी छापलेली गुंडाळी परतीच्या एसटीने येई. एकदा ती चुकून वेंगुर्ल्याला गेली आणि तिथून सावंतवाडीमार्गे आली. त्या वर्षी आम्हा नवरा-बायकोपेक्षा त्या गुंडाळीचा प्रवास जास्त झाला.

या सगळ्या पद्धतीत चूक शोधायला जागाच नव्हती, कारण चूक दिसायची ती गाडीवर चिकटवल्यानंतर.

सगळा बाजार जिला काकी म्हणे ती बाई दुकानात आली ती आषाढात, छत्री न मिटताच. ती मासे विकायची. मालवणच्या जेटीवरून माल घेऊन रोज कणकवलीच्या बाजाराला. इतकी वर्षे कधी भाड्याच्या टेम्पोत दुसऱ्यांबरोबर, कधी एसटीने. माशांची पाटी बघितली की एसटीचा कंडक्टर गाडी सोडायची घंटी मारायचा, आणि ती त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायची. त्या वर्षी तिने आणि तिच्या नवऱ्याने जुना 'छोटा हत्ती' टेम्पो घेतला होता, मागे पत्र्याची बंद पेटी असलेला. नवरा पूर्वी समुद्रावर जायचा, कंबर धरल्यापासून जात नव्हता. तो आता गाडी चालवणार होता. तो दाराबाहेर वळचणीला उभा राहिला आणि सबंध बोलणे होईपर्यंत आत आला नाही.

"मास्तर, माका ह्या कोंबड्ये नको," काकी म्हणाली.

गाडी पूर्वी अंडी-कोंबड्यांच्या व्यापाऱ्याची होती. त्याने पेटीच्या दोन्ही बाजूंना कोंबड्या रंगवून घेतल्या होत्या, वासराएवढ्या. त्यातली एक सभेच्या अध्यक्षासारखी मान वळवून जगाकडे बघत होती.

"रस्त्यार लोक गाडी थांबवून अंड्यांचो भाव इचारतत," काकी म्हणाली. "मी काय सांगू? बांगडो अंडी घालता म्हणान?"

"मगे रंगवून कित्याक घेणस नाय?" बायकोने विचारले.

"रंग? आता? गो बाये, माझी कापडां म्हयनोभर सुकणत नाय, गाडी खंय सुकतली?"

हे खरे होते. आमच्याकडे पावसाळ्यात ऑइलपेंट सुकत नाही, ओला राहून मनुष्याची वाट बघतो. म्हणून स्टिकर. आम्ही तोवर गाड्यांच्या काचा आणि पाठी केल्या होत्या, आख्खी गाडी कधी मढवली नव्हती. पण काकी विचारायला आली नव्हती, सांगायला आली होती.

घाई का होती ते तिने तिथेच सांगितले. कणकवलीच्या मासळी बाजारात बसायच्या जागा तेव्हा कुठल्या कागदावर नव्हत्या. रिवाज असा की पावसाळी बंदी उठल्यावर, नारळी पौर्णिमेनंतर पहिला माल येतो त्या दिवशी जिची पाटी जिथे मांडली गेली, ती तिची जागा पुढल्या पावसापर्यंत. आदल्या वर्षी काकी भाड्याच्या टेम्पोतून उशिरा पोहोचली आणि तिला मिळाली अगदी आतली, गटाराकडची जागा. तिथवर येणाऱ्या गिऱ्हाइकाची पिशवी आधीच भरलेली असायची. ते फक्त भाव ऐकून नाक मुरडायला यायचे. या वर्षी तिचा डोळा होता दाराजवळच्या खांबाकडे.

"एकदा खांबाकडे बसलंय ना, मगे माका कोण उठवता तां बघतंय. पण पयल्या दिवशी गाडी व्हयी. कोंबड्यांची नको. म्हावऱ्याची व्हयी."

"काय काढू?" बायकोने विचारले.

"होडी काढ. होडयेत गणपती बसव. खाली दर्या, बांगडे. आणि होडी फुडे जावक व्हयी. दोनय बाजूंनी. एका बाजून फुडे आणि दुसऱ्या बाजून मागे जाता अशी होडी माका नको. घरात एक घोव तसो आसा, तेवढो पुरे."

वळचणीला उभा असलेला घोव मनापासून हसला.

मी पावसात छत्री मानेत धरून टेपने गाडी मोजली. लांबी आणि उंची, दोन आकडे. पेटीला बाजूने एक दार होते, दाराला कडी होती, पत्र्याला उभ्या पट्ट्या होत्या, एका कोपऱ्यात दिवा होता. हे सर्व मला दिसले. पण ते मोजायचे असते हे मला माहीत नव्हते.

बायकोने एका बाजूचे डिझाइन केले, आणि ते खरोखर सुरेख झाले. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून बसलेला गणपती, मागे फुगलेले शीड, खाली चंदेरी बांगड्यांची रांग. काकीने पडद्याजवळ नाक नेऊन ते पाहिले आणि "देव बरो बसलो हा" एवढेच म्हणाली. तिच्या तोंडून ते पुष्कळ होते.

मग दुसरी बाजू. तिच्यात नवीन काही करायचे नव्हते. बायकोने पहिली बाजू कॉपी केली आणि कॉम्प्युटरला ती आडवी उलटवायला सांगितली, आरशात दिसते तशी. होडी वळली, शीड वळले, बांगडे वळले, सगळे पुढे निघाले. अक्षरे उलटी झाली, ती तिने सरळ केली. फोन नंबर सरळ केला. मी 'ताजी मासळी' मधला 'ळी' दीर्घ आहे ना ते पाहिले, मग पुन्हा एकदा पाहिले. आम्ही देव सोडून सगळे तपासले.

कोल्हापूरला सणासुदीच्या फ्लेक्सची रांग लागली होती, त्यामुळे गुंडाळी आली ती नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. उलगडली तर समुद्र जांभळा. पडद्यावर जो निळा दिसतो तो छापताना जांभळा होतो हे कोल्हापूरकराने फोनवर सांगितले, आणि इतक्या सहज सांगितले की जणू ते सगळ्या किनारपट्टीला ठाऊक आहे.

"समुद्राक काय झालां?" काकीने विचारले.

"पावसातला आहे तो," मी म्हणालो.

"पावसात गढूळ होता रे, जांभळो नाय. मी काय घाटावरची आसंय?"

पण तिने ते चालवून घेतले. बाजारात गिऱ्हाईक मासे बघते, समुद्र नव्हे, असे तिचे मत पडले.

गाडी चिकटवायला कोरडी जागा हवी होती. आंब्याच्या पेट्या भरायची एक शेड पावसाळ्यात रिकामी असते, ती मिळाली. पौर्णिमेच्या सकाळी आम्ही गाडी आत घेतली, फडक्यांनी पुसली, केस सुकवायच्या यंत्राने पत्रा सुकवला. साबणाचे पाणी मारायचे, वर स्टिकर सोडायचा, रबरी पट्टीने पाणी बाहेर ढकलायचे. एक-एक कोंबडी समुद्रात बुडाली. दाराची कडी नेमकी एका बांगड्याच्या डोळ्यात आली, ते उलट बरे दिसले. पत्र्याच्या उभ्या पट्टीवर शीड किंचित दुमडले. दुपारपर्यंत दोन्ही बाजू झाल्या, आणि आम्ही दोघे लांब जाऊन गाडीकडे बघत राहिलो. स्वतःचे काम लांबून बघितले की चांगले दिसते. माणसांचेही तसेच असते.

काकी आणि तिचा घोव समुद्राला नारळ देऊन तसेच शेडवर आले. काकी नवे लुगडे नेसली होती. तिने एका बाजूने गाडी पाहिली आणि प्रथमच हसली. घोव गाडीला फेरी मारायला गेला. एक फेरी मारली. मग दुसरी, जरा सावकाश. मग तो त्या दुसऱ्या बाजूलाच थांबला.

"गो," तो म्हणाला. "ह्येची सोंड बघ."

"कोणाची?"

"देवाची."

डाव्या सोंडेचा गणपती घरातला, चालवून घेणारा. उजव्या सोंडेचा कडक. त्याचे सोवळे सांभाळावे लागते, पूजेत खंड चालत नाही. लोक तो घरातही आणायला धजत नाहीत. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. मला तर माहीत होतेच, वर मी त्यावर कुठेतरी सविस्तर वाचलेही होते. होडीबरोबर, शिडाबरोबर आणि बांगड्यांबरोबर आम्ही गणपतीही उलटवला होता, आणि गाडीच्या एका बाजूला डाव्या सोंडेचा शांत देव, तर दुसऱ्या बाजूला उजव्या सोंडेचा कडक देव बसला होता. दोघांच्या मधे उद्या पहाटे मासे भरायचे होते.

काकीने या सोंडेवरून बोट फिरवले, मग पलीकडे जाऊन त्या सोंडेवरून फिरवले. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

"मास्तर," ती शेवटी म्हणाली, "उद्या माका ह्या गाडयेत म्हावरां भरूचां आसा."

"होय."

"ह्या देवाच्या पाठीक."

मी स्टिकर कुठे सुटतो का ते बघू लागलो.

बायकोने एक कोपरा नखाने उचलून पाहिला. स्टिकरबरोबर खालचा रंगही सुटून आला, कोंबडीचे शेपूट. पूर्ण सोलले असते तर गाडीचा पत्रा उघडा पडला असता. कोल्हापूरला फोन लावला, सणामुळे कोणी उचलला नाही. उचलला असता तरी एसटी आमच्यासाठी उडणार नव्हती. घोव दुसरा टेम्पो बघायला बाजारात गेला आणि परत येऊन त्याने नुसती मान हलवली. बंदी उठल्यानंतरच्या पहिल्या दिवशी रिकामा टेम्पो शोधणे म्हणजे पंक्तीत रिकामे पान शोधणे.

"वरून एक फडकां बांधूया?" मी म्हणालो.

"देवाच्या तोंडार फडकां? मेल्या, तो बघता हा तोवर बरो."

"भटजींक इचारूया?"

"भटजी सांगतले सोवळां पाळ. सोवळ्यात पापलेट कसां इकतत, तां तुझ्या पुस्तकात आसा काय?"

नव्हते. माझ्या पुस्तकांत उपयोगाच्या वेळी असे काही नसते.

काकीने पदर खांद्यावर घट्ट ओढला. "गाराणां घालूक व्हयां," ती म्हणाली.

गाऱ्हाणे ही आमच्या बाजूची देवाशी बोलायची रीत आहे. चारचौघांसमोर, मोठ्याने, आपल्या बोलीत, भांडणाचा सगळा तपशील देऊन. प्रत्येक मुद्द्याला भोवतालच्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचे. त्यात निम्मी प्रार्थना आणि निम्मा युक्तिवाद असतो. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी गाऱ्हाण्याची नक्कल करायचो आणि त्याला टाळ्या पडायच्या.

"तू घाल," काकी मला म्हणाली. "सोंड तू फिरवलंस."

मी हात जोडले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, एका बाजूने गणपतीही. नक्कल करताना सुचणारे एकही वाक्य आठवेना.

"हे गणराया," मी सुरुवात केली, "आमच्याकडून अनवधानाने घडलेल्या त्रुटीबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर असून…"

"व्हय महाराजा," काकीचा घोव बिचारा मधेच म्हणाला.

"गप ऱ्हव," काकी त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अर्ज करतस? तो काय हापिसात बसलो हा? बाजूक हो."

समुद्राला द्यायला आणलेल्या नारळांपैकी एक पिशवीत उरला होता, तो तिने काढला. डोक्यावर पदर घेतला, उजव्या सोंडेसमोर उभी राहिली, आणि बाजारात ज्या आवाजात भाव सांगते त्या आवाजात बोलू लागली.

"बा गणपती महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आज आमी तुझी लेकरां तुझ्या म्होरे उभी आसंव. ह्या मास्तरान आणि ह्येच्या बायलेन तुका होडयेत बसवलो. बरो बसवलो."

"व्हय महाराजा!"

"होडी फुडे जावची म्हणान मीच सांगलंय. होडी फिरवताना त्येंनी तुकाय फिरवलो आणि तुझी सोंड उजवी झाली. ती त्येंनी मुद्दाम करूक नाय. कंपुटरान केली. कंपुटराक देवधर्म कळणा नाय."

"व्हय महाराजा!"

"ह्या मास्तराकय कळणा नाय."

"व्हय महाराजा!" या मुद्द्याला सर्वांत मोठा आवाज माझ्या बायकोचा होता.

"पण मन त्येचां वायट नाय. तर तू ही सोंड डावी समज. मीय डावी समजतंय. आजपासून जो कोण तिका उजवी म्हणतलो, त्येका तू बघून घी."

"व्हय महाराजा!"

"माका खांबाकडची जागा गावांदी. गाडी सुखरूप जावंदी, सुखरूप येवंदी. आणि ह्या दोगांच्या दुकानाक बरकत येवंदी. त्येंच्या हातसून दुसऱ्या कोणाचो देव असो फिरूक नको, तशी त्येंका बुद्धी दी."

"व्हय महाराजा," मी म्हणालो. ते नकलेतल्यासारखे आले नाही.

शेवटचे मागणे आम्ही सांगितलेले नव्हते. नुकसान तिचे होणार होते, चूक आमची होती, आणि देवासमोर वकीलपत्र तिने आमचे घेतले होते. मी तोपर्यंत कृतज्ञता हा शब्द सत्कार समारंभाच्या पत्रिकांत बराच छापला होता. तो नेमका कशासाठी आहे ते मला आंब्याच्या शेडमध्ये समजले.

तिने नारळ फोडला, अर्धे खोबरे आम्हाला दिले आणि म्हणाली, "फाटफटी येवा शेडीर. मास्तर, तू गाडयेत बसतलस. कोणी सोंडेचो इषय काढलो तर तू बोल. तुका बोलूची हौस आसा."

त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी पुढल्या सीटवर नवरा-बायकोच्या मधे अंग चोरून बसलो, मागे बर्फ आणि मासे. गावात श्रावण होता. श्रावण पाळणारे लोक मासळी बाजाराकडे फिरकत नाहीत असे म्हणतात. फिरकतात, फक्त पिशवी जाड कापडाची आणतात.

कणकवलीला पोहोचलो तेव्हा बाजाराचे दार नुकते उघडले होते, आणि खांबाजवळ देवगडकडची एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. तिची पाटी अजून तिच्या टेम्पोत होती, ती फक्त जागा बघत होती. काकीच्या घोवाने गाडी मागे घेत-घेत दाराला लावली. नेमकी उजवी सोंड त्या बाईच्या तोंडासमोर आली.

"अगो बाय!" ती दोन पावले मागे सरली आणि तिने हात जोडले. "उजव्या सोंडेचो? म्हावऱ्याच्या गाडयेर?"

मी बोलायला तोंड उघडले. काकीने माझ्याकडे न बघताच मला गप्प केले.

"डावी आसा ती," काकी शांतपणे म्हणाली. "नीट बघ. त्या बाजून जावन बघ."

ती बाई गाडीच्या पलीकडे गेली. तिकडे सोंड डावी होती. ती परत इकडे आली. इकडे उजवी होती. ती पुन्हा तिकडे गेली, या वेळी हात पुढे धरून कोणती डावी आणि कोणती उजवी ते स्वतःशी मोजत. तिसऱ्यांदा ती परत आली तेव्हा काकीची पाटी खांबाला टेकून मांडलेली होती, वर बांगडे लावून झाले होते, आणि काकी पाण्याचा हबका मारत होती.

"कितीक दिलेस?" दाराशी पहिले गिऱ्हाईक विचारत होते.

त्या बाईने काकीला जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही, आणि काकीने जे उत्तर दिले ते तर मुळीच नाही. पण जागा रिवाजाप्रमाणे लागली होती आणि रिवाज दोघींनाही मान्य होता. तासाभराने त्या एकमेकींकडे सुट्टे पैसे मागत होत्या.

पुढल्या महिन्यात तीच देवगडची बाई आमच्या दुकानात आली. तिलाही गाडी मढवायची होती. "काकीन धाडलां," ती म्हणाली. "होडी फुडे जावक व्हयी. आणि सोंड दोनय बाजूंनी डावी. माका फेऱ्ये मारूक वेळ नाय." तिच्यामागून तिच्या दिराची गाडी आली, मग बर्फाच्या कारखान्याची, मग वेंगुर्ल्याच्या काजूवाल्यांची, मग एका बेकरीची. बेकरीवाल्यांना देवाच्या जागी क्रूस हवा होता. तो कसाही उलटवला तरी तसाच राहतो हे बायकोच्या लगेच लक्षात आले आणि तिने समाधानाने सुस्कारा सोडला.

काकीच्या मागण्याप्रमाणे बुद्धीही आली, पण एकदम नाही, हप्त्याहप्त्याने. आधी आम्ही टेपने मोजणे सोडले. गाडीवर जुनी वर्तमानपत्रे चिकटवून तिचा पूर्ण आकाराचा खाका काढायचा, कड्या, दिवे, पट्ट्या जिथे असतील तिथे भोके पाडायची, आणि तो खाका पडद्यावर उतरवायचा. जिल्ह्यात टेम्पो तरी किती जातींचे असणार? पाच-सहा खाके झाल्यावर नवीन मोजायचे काही उरले नाही. ते गुंडाळून आम्ही छताच्या वाशांना बांधले. त्या वर्तमानपत्रांतले कितीतरी पुढारी आमच्याकडे असे वर टांगलेले होते, आणि तिथे ते प्रथमच कोणाच्या उपयोगी पडत होते.

रंगासाठी कोल्हापूरकराकडून वेगवेगळ्या निळ्यांची एक पट्टी छापून आणली आणि भिंतीला लावली. गिऱ्हाइकाने पडद्यावरचा नाही, पट्टीवरचा समुद्र निवडायचा. आणि उलटवण्याची गोष्ट बायकोने कायमची मिटवली. प्रत्येक डिझाइनमध्ये तिने दोन थर केले. होड्या, लाटा, मासे, ढग यांचा एक, तो उलटवायचा. देव, माणसे आणि अक्षरे यांचा दुसरा, त्याला कुलूप. कोणी कितीही घाईत असो, दुसरा थर हलत नसे. मग खडूने गाडीवरच ढोबळ आकृती काढून दोन्ही बाजू गिऱ्हाइकाला दाखवायच्या आणि त्याचा होकार घ्यायचा. पूर्वी ज्या कामाला आठवडा आणि तीन भांडणे लागत, ते दोन-तीन दिवसांत आणि एका भांडणात होऊ लागले.

काकी बाजारातून परतताना अधूनमधून दुकानात टेकायची. बाकड्यावर बसून दुसऱ्यांच्या गाड्यांवरचे देव पडद्यावर बघायची, विनामूल्य आणि न विचारता. "ह्येचो हात खंय गेलो?" म्हणायची, किंवा "हो देव माका मामलेदारासारखो दिसता." जाताना कागदात बांधलेले चार बांगडे टेबलावर ठेवायची. मी आढेवेढे घेतले की म्हणायची, "घी रे. उजव्या सोंडेचे आसत." त्या दुकानावर आम्ही पोट भरले, घर बांधले. लोकांना वाटते ते कॉम्प्युटरमुळे झाले. मी ते खोडून काढत नाही, पण माझा हिशेब वेगळा आहे.

दोन हजार दहाच्या पावसाळ्यापर्यंत तो स्टिकर तग धरून होता. खाऱ्या वाऱ्यापुढे कोल्हापूरचा रंग किती टिकणार? आधी जांभळा समुद्र फिका पडून निळा झाला, म्हणजे जसा असायला हवा होता तसा. मग शीड गेले. मग गणपती दोन्ही बाजूंनी सारखाच पुसट होत गेला आणि सोंड कुठल्या बाजूची हे कोणालाच सांगता येईना. मी काकीला म्हटले, गाडी नवी मढवून देतो, आमच्यातर्फे. तिने नको म्हटले. खांब आता तिचाच आहे हे सगळ्या बाजाराला माहीत झाले होते. रिवाज असूनही पहिल्या दिवशी तिथे कोणी पाटी ठेवत नसे.

स्टिकर सुटत गेला तशा खालच्या कोंबड्या वर आल्या. त्या ऑइलपेंटच्या होत्या. स्टिकरचा डिंक उन्हाने मेला होता, त्यामुळे बायकोने नखाने सोललेले एक शेपूट सोडले तर त्यांना काही झालेले नव्हते. रस्त्यावर लोक पुन्हा गाडी थांबवून भाव विचारू लागले.

काकी आता खांबाकडे अंडीही ठेवते.